दशमांश कशाचा, किती, आणि कर्ज असताना? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामासाठी देणे) आणि घरखर्च या विषयावर प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून पत्रे आली. बहुतेक पत्रांत विचारलेला प्रश्न हिशोबाचा आहे, पण त्याच्या तळाशी भीती आहे: आपले काही चुकले तर देव कोपेल का? म्हणून उत्तरांत आकडेमोड मुद्दाम सविस्तर केली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत गणवेश शिवायच्या युनिटमध्ये कामाला आहे. पगार १८,५००, कापून हातात १६,३६१ येतात. दशमांश कशावर काढायचा? आमच्या तरुण संघात काही जण म्हणतात, पूर्ण पगारावर नाही दिला तर ती देवाची चोरी.
— एक तरुण, अक्कलकोट रोड

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या स्लिपवर कपात अशी आहे: भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ १,८०० (मूळ पगार १५,००० चे १२ टक्के), ईएसआय म्हणजे कामगार विमा १३९, व्यवसाय कर २००. पूर्ण पगारावर दशमांश १,८५० होतो, हातातल्या रकमेवर १,६३६. म्हणजे वाद २१४ रुपयांचा आहे.

शास्त्रात पगाराची स्लिप नाही. लेवीय २७:३० मध्ये जमिनीचे धान्य आणि झाडाची फळे आहेत, ३२ व्या वचनात काठीखालून जाणारे दर दहावे जनावर आहे. त्यामुळे कपातीआधी की कपातीनंतर, याला वचनाचा आधार दोन्ही बाजूंना सापडणार नाही. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. गोंधळ होतो तो भविष्य निर्वाह निधीपाशी. व्यवसाय कर आणि ईएसआय रोख होऊन परत येत नाहीत, पण पीएफ तुमचाच पैसा आहे. आज हातातल्या रकमेवर दशमांश काढत असाल, तर उद्या घरासाठी पीएफ काढाल तेव्हा त्या सगळ्या रकमेवर दशमांश निघेल. आज पूर्ण पगारावर काढत असाल, तर तुमच्या १,८०० च्या वाट्याचा दशमांश देऊन झालेला आहे. तेव्हा फक्त मालकाचा वाटा आणि व्याज यांवर काढायचा. कोणती पद्धत धरली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दहा वर्षांनी आठवत नाही.

दुसरी चूक जास्त वेळा होते. मालकाकडून ५,००० उचल घेतली आणि महिना १,००० कटू लागले की हातात १५,३६१ येतात, आणि लोक त्यावर दशमांश काढतात. हे बरोबर नाही. उचल ही आधी घेतलेली मजुरीच आहे, घेताना तिच्यावर दशमांश दिलेला नसतो. उचल, भिशी, विम्याचा हप्ता, गाडीचा हप्ता हे सगळे तुमचे खर्च आहेत. दशमांश त्यांच्या आधीच्या रकमेवर निघतो. ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस हेही उत्पन्नच.

पैसे बाजूला काढायचे ते पगाराच्या दिवशीच. १ करिंथ १६:२ मध्ये पौल हेच सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याजवळ काही ठेवावे. यूपीआयच्या खात्यातच ठेवून ‘रविवारी देऊ’ म्हटले की शनिवारपर्यंत ते किराण्यात गेलेले असतात. एक लिफाफा नाहीतर एक वेगळे बचत खाते पुरते.

राहिला ‘चोरी’ हा शब्द. तो मलाखी ३:८ मधला आहे. मंदिराचे भांडार रिकामे राहिले की काय होते ते नहेम्या १३:१० मध्ये दिसते: लेव्यांचे, म्हणजे मंदिराच्या सेवकांचे, वाटे मिळेनात म्हणून ते मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. तो आरोप देवाच्या घरचा वाटा अडवून ठेवणाऱ्यांवर होता. हिशोब कसा मांडावा हे मनापासून विचारणाऱ्या तरुणाला तो लावू नये.

प्रश्न : कांदा सोलापूर मार्केट यार्डात घातला. ४० गोण्या, २० क्विंटल, भाव १,४०० मिळाला. पट्टीवरच दशमांश काढायचा का खर्च वजा करून? गेल्या साली तर घरातूनच पैसे गेले होते.
— एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : भाऊ, तुमचेच आकडे घेऊ. २० क्विंटलचे १,४०० ने २८,०००. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे ३,१०० जाऊन पट्टी, म्हणजे यार्डातली विक्रीची पावती, आली २४,९०० ची. आता पिकाचा खर्च: बियाणे ३,२००, खत ३,८००, फवारणी २,४००, लागवडीपासून काढणीपर्यंतची मजुरी ६,६००, बारदान १,४००. एकूण १७,४००. उरले ७,५००, दशमांश ७५०. आमचे मत स्पष्ट आहे: दशमांश वाढीवर, पट्टीवर नाही. दुकानदार गल्ल्यावर दशमांश काढत नाही, माल खरेदीचे पैसे वजा करूनच काढतो.

पण खर्चात काय धरायचे याला शिस्त हवी. घरच्या माणसांची मजुरी धरू नका, ती तुमची कमाईच आहे. पीककर्जाचे व्याज खर्चात येते, मुद्दल येत नाही. कारण त्याच कर्जाच्या पैशातून खत-बियाणे आणले आणि ते खर्चात एकदा लिहिले. मुद्दलही लिहिले तर तोच खर्च दोनदा होतो. उलट बाजूने, कर्जाचे पैसे खात्यावर आले तो दिवस उत्पन्नाचा नव्हे. त्यावर दशमांश काढू नये. पीकविमा आणि अनुदान मात्र उत्पन्नात येतात.

पट्टीही नीट वाचा. २०१६ पासून भाजीपाल्याची आडत (आडत्याचे कमिशन) खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तुमच्या नावावर आडत कापलेली दिसली तर तिथेच विचारा.

तोट्याचे उत्तर अनुवाद १४:२२ मध्ये आहे: दशमांश वर्षाच्या वर्षाला, शेतात आलेल्या उपजाचा. म्हणून एकेका पिकावर न काढता गुढीपाडवा ते पाडवा, किंवा ३१ मार्चला, वर्षाचा एकच हिशोब करा. कांद्यात गेले आणि तुरीत आले तर बेरीज-वजाबाकी होऊन जे राहील त्यावर. वर्षच तोट्यात गेले असेल, तर दशमांश शून्य. उपकारस्तुतीचे म्हणून १०० रुपये किंवा पायलीभर ज्वारी दिली तर ती मनाची गोष्ट. घरी खायला ठेवलेली ज्वारी बाजारभावाने उत्पन्नात धरायला विसरू नका, ती बहुतेक जण विसरतात. उसाचे बिल दोन-तीन हप्त्यांत येते, तेव्हा जसजसा हप्ता येईल तसा अंदाजाने द्या आणि वर्षअखेरीला मेळ घाला.

हंगामाच्या उपकारस्तुतीला आणलेल्या पोत्याचा चर्चमध्ये लिलाव होतो आणि बोली कधी दुपटीवर जाते. तुमच्या वहीत ते पोते त्या दिवसाच्या बाजारभावानेच लिहा. वरची रक्कम बोली लावणाऱ्याने दिली आहे.

प्रश्न : मी विधवा आहे, विड्या वळते. शिलाई धरून महिन्याला ९,००० मिळतात. दोन मुलं. सावकाराचे २०,००० घेतलेत, शेकडा ५ नं महिन्याला १,००० व्याजच जातं. फायनान्सचा १,३०० हप्ता. घरात ४,५०० किराणा, ६०० लाईट-पाणी, ८०० मुलांच्या शाळेचे. प्रार्थनेला येणारे एक जण म्हणाले, आधी ९०० दे, मग देव कर्ज फेडेल. गेल्या महिन्यात शेजारणीकडून उसने घेऊन दिले. रात्री झोप लागत नाही.
— एक भगिनी, कुंभारी

उत्तर : ताई, आधी हे ऐका. उसने घेऊन दशमांश देऊ नका. देवाने तो तुमच्याकडे मागितलेला नाही. २ करिंथ ८:१२ सांगते की उत्सुकता असली तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, नाही त्याप्रमाणे नव्हे. लेवीयमधल्या काठीखालून नऊच मेंढरे गेली तर दहावे निघतच नाही. आणि अनुवाद १४:२८-२९ वाचा, किंवा मुलांकडून वाचून घ्या. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवायचा आणि तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हायचे. त्या यादीत तुम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला आहात. हे तुमच्या पाळकसाहेबांना दाखवा. मंडळीत गरिबांचा फंड असेल तर त्यातून मागण्यात कमीपणा नाही.

लूक २१ मधल्या विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची (छोट्या नाण्यांची) आठवण तुम्हाला कोणी करून देईल. येशूने तिला पाहिले आणि तिचा मान केला. पण तिच्याकडे ते त्याने मागितले नव्हते, आणि त्याच्याआधी दोनच वचने तो विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो.

आता हिशोब. तुमचा खर्च ८,२०० होतो, ८०० उरतात. शेकडा ५ महिन्याला म्हणजे वर्षाला ६० टक्के. दरमहा १,००० देऊनही मुद्दल २०,००० च राहते, वीस महिन्यांत तुम्ही २०,००० देता आणि २०,००० देणे तसेच. हे कर्ज आधी मोडायचे. तुमच्या बचत गटातून २०,००० मिळतात का पाहा. गटाचे व्याज महिना २ टक्के, शिल्लक मुद्दलावर, २४ महिने धरले तर हप्ता साधारण १,०६० रुपये बसतो. सावकाराला नुसते व्याज देता तेवढेच, फक्त ६० जास्त, आणि दोन वर्षांत सगळे फिटते. गटाची शिल्लक कमी असेल तर १०,००० घ्या आणि सावकाराचे अर्धे मुद्दल उतरवा, लगेच महिन्याचे ५०० वाचतील. पैसे देताना दोन साक्षीदार आणि कागदावर सही घ्या. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प दिलेला असेल तर तो परत मिळाल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका.

महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. परवाना नसेल किंवा धमकावत असेल तर तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात करता येते. अर्ज लिहायला मंडळीतल्या कोणा शिकलेल्या माणसाला बरोबर न्या.

फायनान्सचा हप्ता चालू ठेवा, पण तो भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेऊ नका. एका कर्जाची चार कर्जे अशीच होतात. शेजारणीचे उसने आधी फेडा, तेही देवासमोरचेच देणे आहे, रोम १३:८.

मग अर्पण? शंभर रुपये द्या. पन्नास द्या. जे द्याल ते मोकळ्या मनाने द्या, कारण ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’. सावकाराचे फिटले की दोनशे करा, फायनान्सचे फिटले की पाचशे. दहावा भाग तुमच्याकडून कधी निघेल ते तुम्ही आणि देव पाहाल, तिसऱ्याने त्यात पडू नये.

प्रश्न : मोबाईलवर एक प्रचारक सांगतात, ५,००० चं बीज पेरा, शंभरपट मिळेल. क्यूआर कोड देतात. पाठवावेत का?
— जुळे सोलापूर

उत्तर : नाही. ‘शंभरपट’ हे पेरणाऱ्याच्या दाखल्यातून उचललेले असते, आणि तिथले बी म्हणजे देवाचे वचन, असे येशूनेच सांगितले आहे. मलाखी ३:१० मध्ये ‘माझी प्रचिती पाहा’ आहे हे खरे, पण ते सगळ्या राष्ट्राला, भांडार भरण्याविषयी, पाऊस आणि पीक यांच्या संदर्भात सांगितलेले आहे. पैसे देऊन देवाची देणगी घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्र काय म्हणाला ते प्रेषितांची कृत्ये ८:२० मध्ये पाहा. ज्याचा वार्षिक हिशोब तुम्हाला मागता येत नाही, त्याला दशमांश देऊ नये.

प्रश्न : मी प्रभूवर विश्वास ठेवते, मिस्टर चर्चला येत नाहीत. घरी ब्लाउज शिवून चार हजार कमावते. त्यांना न सांगता दशमांश देते. सासूबाईंचं औषध मात्र ते एकटेच आणतात, त्यावरून कुरबुर होते.
— विजापूर रोड

उत्तर : चोरून देणे थांबवा, देणे थांबवू नका. त्यांना आकडा सांगा: चारशे, माझ्या शिलाईतले, दर महिन्याला, चर्चला. पण त्याआधी सासूबाईंच्या औषधात तुमचा वाटा ठरवा आणि तो द्या. मार्क ७:९-१३ मध्ये येशू अशाच लोकांना धरतो, जे ‘कुर्बान’ म्हणून पैसा देवाच्या नावाने ठेवत आणि आईबापांना काही देत नसत. औषधाला पाचशे दिल्यावर दशमांशाला दोनशेच उरले तर दोनशे द्या. दोनशेंचे चारशे करण्यासाठी औषध अडवू नका. नवऱ्यासमोर तुमची साक्ष त्या औषधाच्या पाकिटातून जास्त जाईल.

प्रश्न : देवावर भरवसा असेल तर विमा, ठेवी कशाला? उद्याची चिंता करू नका असं लिहिलंय ना?
— बार्शी

उत्तर : मत्तय ६ मध्ये चिंता करू नका असे आहे, तजवीज करू नका असे नाही. रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेले अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवले तर किडे पडत. पण उत्पत्ती ४१ मध्ये योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगतो आणि ते देवाचे शहाणपण ठरते. लूक १२ मधला श्रीमंत मूर्ख ठरला, कारण तो आपल्या जिवासाठीच साठवत होता आणि देवाच्या बाबतीत धनवान नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका केडगावला सांभाळल्या त्या प्रार्थनेवर. पण त्यांनी तिथे विहिरीही खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. ज्यांच्यापासून त्यांनी प्रेरणा घेतली त्या, इंग्लंडात ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरांनी माणसांपुढे हात पसरला नाही, मात्र मिळालेल्या पैशाचा हिशोब ते दरवर्षी छापत.

म्हणून बार्शीच्या भाऊंनी निदान एवढे करावे. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवन ज्योती विमा योजना ४३६ रुपयांची, वय १८ ते ५० मध्ये घेता येते, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. दोन्हींचे पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप कटतात. त्या दिवशी शिल्लक नसली की विमा बंद पडतो, आणि घरच्यांना ते नंतर कळते. मे महिन्यात खात्यात ५०० ठेवा आणि वारसदाराला पासबुक कुठे आहे ते सांगून ठेवा.

ठेव कुठे ठेवायची हेही पाहा. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, सहकारी बँकेतही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी लेकीच्या लग्नाचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवू नका. आधी तीन महिन्यांच्या किराणा-भाड्याएवढी रक्कम बँकेत साठवा, मग बाकीचे.

ठेवीच्या व्याजावरही दशमांश निघतो. विम्याची रक्कम घरातला माणूस गेल्यावर आलेली असेल तर घाई करू नका. ती बाईला आणि मुलांना जगवण्यासाठी आहे, तिच्यावर दशमांश मागायला कोणी जाऊ नये.

प्रश्न : आमच्या मंडळीत यंदा मला खजिनदार केलं आहे. अर्पण मोजण्यावरून कुजबुज चालते. आणि दशमांशावर आयकरात सवलत मिळते का, असं लोक विचारतात.
— एक खजिनदार, सोलापूर

उत्तर : कुजबुजीचा राग धरू नका. पौलानेही दानाची रक्कम एकट्याने नेली नाही, कोणी दोष लावू नये म्हणून सोबत माणसे घेतली, २ करिंथ ८:२०-२१. नहेम्याने भांडारावर चौघे नेमले: एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या मदतीला चौथा.

उपासना संपताच, चर्चमध्येच, तिघांनी मोजा. तिघे एकमेकांचे नातेवाईक नसावेत आणि खजिनदार त्यात नसावा. माणसे दर महिन्याला बदला. थाळीतले सुटे, लिफाफ्यातला दशमांश आणि उपकारस्तुती यांचे तीन ढीग वेगळे. लिफाफ्यावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळते का पाहा. जुळली नाही तर आतली रक्कम लिहून लिफाफ्यावर दोघांच्या सह्या. ५०० पासून १० पर्यंत नोटांची विगत आणि नाणी एका छापील कागदावर, खाली तिघांच्या सह्या, मग पैसे खजिनदाराच्या हातात. सोमवारी सगळेच्या सगळे बँकेत. सर्वात मोठी गडबड इथे होते: रविवारीच थाळीतून पाहुण्या वक्त्यांचे गाडीभाडे, फुलांचे, साउंडवाल्याचे पैसे देतात आणि उरलेले भरतात. मग जमाही खरी राहत नाही आणि खर्चही. खर्चासाठी वेगळी किरकोळ रोकड बँकेतून काढून ठेवा, पावतीशिवाय देऊ नका.

क्यूआर कोड मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या खात्याचा एक दिवसही नको. गरिबांचा फंड आणि इमारत फंड यांचे रकाने वेगळे ठेवा. गरिबांच्या फंडातून छताचे पत्रे आणले की देणाऱ्यांचा विश्वास उडतो आणि तो परत बसत नाही. कोणी किती दशमांश दिला याची यादी फळ्यावर लावू नका. एकूण जमा-खर्च मात्र दर महिन्याला लावा.

आयकराचे असे आहे. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर मिळत नाही, म्हणून चर्चमधल्या दशमांशावर सहसा ती नाही. दवाखाना किंवा वसतिगृह चालवणाऱ्या, ८०जी नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तर. २,००० च्या वर रोख दिले तर मिळत नाही आणि संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. लोकांना हे आधीच सांगा, नाहीतर जुलैत तुमच्या दारी रांग लागेल.

मंडळीचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल, तर ३१ मार्चला हिशोब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. रविवारचे मोजणीचे कागद आणि रिकामे लिफाफे तोपर्यंत तारखेप्रमाणे बांधून ठेवा, आणि ते चर्चच्या कपाटात ठेवा, तुमच्या घरी नव्हे. कपाटाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरांत द्या.